वाढत्या अंगाचं माप

माझी मावशी शाळेचे गणवेश शिवते. दुकान म्हणजे एकच खोली. दोन मशिनी, इस्त्रीचं टेबल आणि कोपऱ्यात पडद्यामागे माप द्यायला एक माणूस उभा राहील एवढी जागा. काज-बटणं मी करते. तिची सख्खी भाची मी एकटीच, पण दुकानात येणारी झाडून सगळी पोरं तिला मावशीच म्हणतात. खोटं कशाला बोलू, याचा मला अजूनही थोडा राग येतो.

मावशी नाकावर माशी बसू देत नाही. तिच्याकडे जाड पुठ्ठ्याची एक वही आहे आणि त्यात प्रत्येक पोरीचं माप लिहिलेलं आहे. वहीत लिहिलं की ती काळ्या दगडावरची रेघ. सव्वीस वर्षांत एकही गणवेश घट्ट झाला म्हणून परत आला नाही, हे ती ओळख होताच पाच मिनिटांत कुणालाही सांगते.

पण पडद्यामागे ती मापाशिवायही बरंच काही बघायची. आठ-नऊ वर्षांची पोरगी टेप लावताना गुदगुल्या होतात म्हणून खिदळते. तीच बारा-तेराची होऊन आली की खांदे पुढे काढून, छाती आत घेऊन, जमिनीकडे बघत उभी राहते. "सरळ उभी राहा गं," म्हटलं की क्षणभर राहते आणि टेप काढला की पुन्हा आक्रसते. मावशी पडद्याबाहेर आली की चिडून म्हणायची, "अंग वाढतंय आणि पोरगी लहान होत चाललीय. हे काय माप झालं?"

तिला ते झोंबायचं, कारण ती स्वतः तशीच वाढली होती. तेराव्या वर्षापर्यंत शाळेत तिच्यापुढे कुणी धावलं नव्हतं. एक दिवस घरी सांगितलं, आता पुरे. का पुरे, ते कुणी सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही. पुढची पाच वर्षं ती दप्तर छातीशी घट्ट धरून शाळेत गेली. "तोंडात मूग गिळून बसले ना, तेच चुकलं," असं ती आजही म्हणते.

पस्तिशीत तिनं शाळेच्या बाईंकडे मागच्या मैदानातला वाळूचा खड्डा मागून घेतला. त्यात काचा होत्या, मांजरांची घाण होती. मावशीनं आणि मी आठवडाभर ती वाळू चाळली. माझ्या कमरेचा तेव्हापासून जो काटा ढिला झाला तो झालाच. लांब उडीच का, तर मावशी म्हणाली, "दोन पाय आणि एक खड्डा, आणखी लागतं काय?" तिनं एक जुनं पुस्तक आणलं, मैदानावरच्या एका म्हाताऱ्या मास्तरांचं डोकं खाल्लं आणि शिकून घेतलं. रोज सकाळी सहा ते साडेसात खड्डा, मग दुकान.

सुरुवातीला आयांनी तिला सळो की पळो केलं. उड्या मारून पोरीला काही झालं म्हणजे? पाय जाडे झाले म्हणजे? मावशी कात्री खाली न ठेवता म्हणायची, "पाय जाडे नाही, मजबूत होतील. जन्मभर त्यावरच उभं राहायचंय ना तिला?" बटणांच्या खणात तिनं पॅडची पाकिटं ठेवली. पाळीत यावं की नाही असं कुणी कुजबुजत विचारलं की ती भर दुकानात मोठ्यानं सांगे, "दुखत असेल तर खड्ड्याशी बसून बघ. दुखत नसेल तर उडी मार. लपून घरात बसायचं नाही, एवढंच." उपाशी आलेल्या पोरीला ती वाळूत उतरू देत नसे, त्यामुळे माझा डबा कितीदा गेला त्याला गणतीच नाही.

आणि वर्षभरानं त्याच पोरी पुन्हा मापाला आल्या की खांद्याचं माप अर्धा इंच वाढलेलं निघे. मी म्हणायचे, हाडं वाढली. मावशी म्हणे, "थोडी हाडं वाढली, बाकी उभं राहायला शिकली." ते लिहिताना तिचा चेहरा बघण्यासारखा असे.

टिटवी तिच्याकडे आली ती अकराव्या वर्षी. पाय नुसत्या काड्या, म्हणून हे नाव. बाप फर्निचरचं काम करणारा सुतार, हाताचा पक्का आणि शब्दाचाही. टिटवी कमी बोलायची, पण उडी अशी मारायची की वाळूत पडल्यावर स्वतःच दचकून मागे बघायची. दोन वर्षांत ती आमच्या खड्ड्यातली सगळ्यात लांब जाणारी पोरगी झाली. तिसऱ्या वर्षी बापानं दुकानात येऊन सांगितलं, "आता मोठी झाली ती. यंदाच्या जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्या चारांत आली, सरावाच्या शिबिरात निवड झाली, तर पुढे बघू. नाही आली तर बंद. मान्य?"

"मान्य," मावशी म्हणाली. टिटवी तिथंच उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. मी मान वर करून बघितलं आणि पुन्हा काज घालायला लागले, म्हणजे मीही त्यातलीच.

स्पर्धेला महिना राहिला आणि टिटवीची उडी बिघडली. लांब उडीत धाव सुरू करायची एक खूण असते. तिथून मोजून पावलं टाकायची, शेवटचं पाऊल खड्ड्याआधी जमिनीत बसवलेल्या फळीवर पडलं पाहिजे. फळीच्या पुढे गेलं की लाल निशाण, उडी बाद. मावशीनं जूनमध्ये शाळा सुरू होताना प्रत्येकीची खूण टेपनं मोजून वहीत लिहिली होती. टिटवीचं पाऊल आता दरवेळी फळीच्या पुढे पडायला लागलं. मावशी ओरडायची, "घाई! घाई करतेस!" मग टिटवी शेवटची पावलं आखडून घ्यायची, वेग मरायचा आणि उडी खड्ड्याच्या तोंडाशीच पडायची.

एकदा ती हळूच म्हणाली, "मावशी, खूण जवळ वाटतेय."

"नाचता येईना अंगण वाकडं," मावशी म्हणाली आणि वही तिच्या नाकासमोर धरली.

त्यानंतर टिटवी पुन्हा बोलली नाही. खांदे पुन्हा पुढे यायला लागले. मला ते दिसत होतं आणि मी मावशीला सांगितलंही. ती म्हणाली, तू बटणं लाव.

स्पर्धेच्या दिवशी तीनच उड्या मिळणार होत्या. बाप काम सोडून आला होता आणि कुंपणाशी हाताची घडी घालून उभा होता. पहिली उडी, लाल निशाण. दुसरी उडी, पाऊल वीतभर पुढे, पुन्हा लाल. टिटवी वाळू झटकत आमच्याकडे आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मावशी सुरू झाली, "सांगितलं होतं ना, शेवटची तीन पावलं—"

"मावशी, थांबा." आवाज मोठा नव्हता, पण मावशी थांबली. "माझा गणवेश मागच्या महिन्यात आईनं उसवून लांब केला. तुमच्याकडे आणलाच नाही. वहीतलं माप जूनचं आहे. तेव्हाची मी आता नाहीये. माझे पाय वाढलेत, पावलं मोठी पडतायत. मी घाई करत नाहीये."

मावशीच्या हातात वही होती. सव्वीस वर्षं वाढत्या अंगाच्या पोरींना दोन बोटं सैल शिवणारी बाई, धावेला मात्र वाढीची जागा ठेवायची विसरली होती. तिचे कान लाल झाले. मला वाटलं, आता ही भडकणार. ती एवढंच म्हणाली, "किती मागे?"

"ते मी बघते," टिटवी म्हणाली आणि खुणेचा पट्टा उचलून स्वतः मागे गेली. एकदा पळून बघितलं, पट्टा आणखी थोडा सरकवला. मावशी जागची हलली नाही. पोरीला मदत न करण्यासाठी तिला किती जोर लावावा लागला, ते फक्त मी पाहिलं.

तिसरी उडी. पाऊल फळीवर पडलं. पांढरं निशाण वर गेलं आणि मी वेड्यासारखी ओरडले. अंतर मोजलं, तिची आजवरची सगळ्यात लांब उडी. यादी लागली तेव्हा टिटवी पाचवी होती. चौथीपेक्षा चार बोटं कमी.

बाप जवळ आला. "झालं. ठरल्याप्रमाणे."

मावशी त्याच्यासमोर उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला मी असं बोलताना ऐकलं. "दादा, चूक माझी. मी जुन्या मापावर पळवली तिला. दोन उड्या मी घालवल्या, तिनं नाही."

"जुन्या मापानं दार केलं तर चौकटीत बसतं का?"

"नाही बसत."

"मग तुमच्या चुकीसाठी मी माझा शब्द का मोडू?"

मावशीचे डोळे भरून आले आणि मला त्या माणसाचा असा राग आला की काही विचारू नका. तेवढ्यात टिटवी आमच्या मधे येऊन उभी राहिली.

"बाबा, तो शब्द तुमचा आणि मावशींचा होता. मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी मान्य केलं नसतं." तिची मान खाली गेली नाही. "मी उद्या सहाला मैदानावर जाणार. तुम्ही अडवलंत तर परवा पुन्हा निघेन. रोज निघेन."

बाप बघत राहिला. बघताना त्याला मान खाली घालावी लागली नाही, पोरगी त्याच्या डोळ्यांपर्यंत आली होती. बहुधा हे त्याला त्याच क्षणी कळलं असावं. घरात रोज वाकून वावरणाऱ्या पोरीची उंची कळणार तरी कशी? मग त्याची नजर तिच्या पायांकडे गेली. डाव्या बुटाच्या टोकाला तिनं ब्लेडनं चीर दिली होती आणि त्यातून अंगठा बाहेर आला होता.

"बूट कधीपासून लहान होतायत?"

"चार महिने."

"मग सांगायचं नाही का?"

"आता सांगतेय," टिटवी म्हणाली.