टॉवेलाखाली ठरलेला पगार

हे नक्की कोणत्या साली घडलं, ते मला विचारू नका. मोठ्या दुष्काळाचं पहिलं वर्ष की दुसरं, यावर माझं आणि सौभाग्यवतींचं अजून एकमत नाही. ती म्हणते, आपली थोरली तेव्हा चालायला लागली होती. मी म्हणतो, रांगत होती. या वयात मला सकाळी गोळी घेतली का तेच आठवत नाही, तिथं थोरलीच्या पावलांचं काय घेऊन बसलात! तेव्हा तपशिलात चूकभूल द्यावी घ्यावी. पण एका लिंबाच्या झाडाखाली, चार माणसांदेखत, मी स्वतःची जी विक्री केली, ती मात्र अगदी लख्ख आठवते. नेमकी तीच विसरायला हवी होती, पण इलाज नाही. ऐका.

मी तेव्हा उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, कॉलेजात वाणिज्य शिकवायचो. एम.कॉम. होतो. त्या काळात आमच्याकडं एम.कॉम. माणूस इतका दुर्मीळ, की एका म्हातारीनं मला विचारलं होतं, "म्हंजी कंच्या रोगाचं डागदर?"

एक दिवस आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका गावच्या सोसायटीचे चेअरमन कॉलेजात आले. आबा म्हणायचे त्यांना. धिप्पाड माणूस, खांद्यावर टॉवेल. उभं आयुष्य बैलबाजारात दलालीत गेलेलं. त्यांच्या सोसायटीनं दुष्काळात जनावरांची छावणी काढली होती. पण सोसायटीचा सेक्रेटरी सासुरवाडीला म्हणून गेला, तो पुण्यात नोकरीला लागल्याचीच बातमी आली! हिशोब अर्धवट. मार्चअखेर तोंडावर. हिशोब पोचला नाही तर छावणीचं अनुदान अडकणार, आणि अनुदान अडकलं तर जनावरांनी खायचं काय?

"मास्तर, दोन म्हैने रविवारचं येऊन तेवढं लिवून द्या," आबा म्हणाले. "फुकाट नगं. तुमचं काय आसंल ते सांगा."

झालं! 'तुमचं काय असेल ते सांगा' हे वाक्य ऐकलं की मी अजून चपला शोधायला लागतो. भाजीवाल्यानं "द्या काय द्यायचं ते" म्हटलं तरी मी भाजी ठेवून निघून येतो. स्वतःच्या कामाचा भाव स्वतः सांगायचा? जास्त सांगितला तर छावणीतल्या मुक्या जनावरांच्या तोंडचा चारा ओढल्याचं पाप. कमी सांगितला तर उद्या दुसरा कुणी गरीब कारकून तिथं काम करायला गेला, तर त्याला म्हणणार, "एम.कॉम.नं एवढ्यात केलं, तू कोण लागून गेलास?" दोन्हीकडून मीच गुन्हेगार!

मग मी स्टाफरूममध्ये बसून रीतसर गणित मांडलं. माझा पगार, कामाचे तास, येण्याजाण्याचं भाडं. त्यातून दुष्काळापोटी थोडी सूट. आकडा आला दोनशे. दोन महिन्यांचे सगळे मिळून. तो मला योग्य वाटला. पाच मिनिटांनी जास्त वाटला. मग कमी वाटला. हिंदीच्या प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "आधी चहाचे पैसे द्या."

तर त्या रविवारी गेलो. सोसायटीच्या दारात लिंबाचं झाड, त्याखाली घोंगडी अंथरलेली. आबा आणि कमिटीचे तीन-चार मेंबर बसलेले. पलीकडं छावणीतली जनावरं हाडं मोजून घ्या अशी उभी. ती बघूनच माझे दोनशे घशात अडकले.

आबा जुन्या सेक्रेटरीचं गाऱ्हाणं सांगत होते. आकडे मोठे झाले की गडी कसा चुकायचा, शून्य कुठलंही कुठं कसं जायचं. मी मान डोलावत होतो. तेवढ्यात ते माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "मग मास्तर, दहाईत बोलायचं का शेकड्यात?"

आता तुम्हीच सांगा, हिशोबाचा विषय चाललेला असताना वाणिज्याच्या माणसाला या प्रश्नाचा काय अर्थ लागेल? मी एकदम वर्गातल्या आवाजात म्हणालो, "दहाईतच! नेहमी दहाईत. आकडे लहान ठेवले की माणूस चुकत नाही."

मेंबरांनी एकमेकांकडं बघितलं. एकानं तर हात जोडले. मला वाटलं, काय हे ज्ञानाचं कौतुक!

आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, माझा उजवा हात हातात घेतला आणि वर टॉवेल टाकला.

मी घाबरलो. पण माणूस मोठा, हात कसा सोडवून घ्यायचा? वाटलं, दुष्काळानं खचलेत बिचारे. चार लोकांत भावना दाखवता येत नाहीत, म्हणून टॉवेलाखाली हात धरलाय! त्यांनी माझी तीन बोटं धरली होती. म्हटलं, आपणही काही कमी पडायचं नाही. मी त्यांचा अख्खा पंजा घट्ट धरला.

आबा दचकले. "मास्तर, जरा दुष्काळाकडं बगा की."

"बघतोय आबा," मी म्हणालो. "पण आपण धीर सोडायचा नाही." आणि पंजा आणखी आवळला.

"लई आवळताय मास्तर."

"आवळणारच. माणसानं माणसाला नाही धरायचं तर कुणी?"

"जरा खाली या."

मी घोंगडीवर जरा खाली सरकून बसलो. पंजा तसाच!

आबांनी सुस्कारा सोडला आणि टॉवेल उचलला. "बरं. तुमच्या मनासारकं. ठरलं?"

"ठरलं," मी म्हणालो. काय ठरलं, देव जाणे! विचारायची हिंमत कुणात होती? मेंबर मात्र खुशीत. गुळाचा चहा आला. माझ्या पगाराचा विषय निघेल तेव्हा निघेल असं समजून मी चारची एस.टी. पकडली.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं, फक्त हिशोबाचं बोलणं वगळून; त्यातलं हिला काय कळणार! ही परंड्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरची. तसं आमच्या घरीही मेंढरंच होती, पण मला लहानपणीच बोर्डिंगात टाकलं, त्यामुळं मेंढरू आणि बकरू यांतला फरकही मी पुस्तकात वाचला. हिचं मात्र अर्धं बालपण बापाच्या मागं बाजारात गेलेलं. मी टॉवेलापर्यंत आलो आणि हिच्या हातातलं पीठ परातीत पडलं.

"अहो, किती बोटं धरली तुम्ही?"

"बोटं कुठली? अख्खा पंजा धरला. प्रेमानं."

"अगं बाई! पाचशे मागितले की हो!"

मग मला कळलं. बाजारात जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. कपड्याखाली हात घालून बोटं धरतात. एक बोट एक, दोन बोटं दोन, पंजा पाच. बाकीच्यांना पत्ता लागत नाही. शिकलेल्या माणसाचा भाव चार लोकांत उघडा पडू नये, म्हणून आबांनी मला तो मान दिला होता. आणि मी काय केलं? "जरा दुष्काळाकडं बघा" म्हणणाऱ्या माणसाचा पंजा आवळून पाचशे रुपये वसूल केले!

पाचशे म्हणजे माझ्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त. तेही छावणीतून! मला त्या हाडं दिसणाऱ्या गाई आठवल्या. त्या माझ्याकडंच बघत होत्या, असंही आठवायला लागलं.

"पण पाचशेच कशावरून?" मी आशेनं विचारलं. "पाच रुपये नसतील?"

"पाच रुपयाला आमच्यात मेंढराची शेपटीबी देत न्हाईत. त्यांनी तीन धरली म्हणजे तीनशे म्हणत होते. तुम्ही पाचावर नेलं!"

तो आठवडा कसा काढला, विचारू नका. त्यातून बाजारच्या दिवशी स्टँडवर त्याच कमिटीतला एक मेंबर भेटला. लांबूनच त्यानं पाची बोटं पसरून मला दाखवली आणि मोठ्यांदा हसला. "मास्तर, पक्के हाय तुमी!" मी जवळच्या रसवंतीमागं लपलो.

शेवटी हिनंच मार्ग काढला. "जा आणि खाली उतरा. तुमच्या मनात दोनशे आहेत ना? मग दोनच बोटं धरा." आणि मला समोर बसवून, हातावर पदर टाकून तिनं चक्क तालीम घेतली. ती तीन बोटं धरायची, मी एक सोडवायचो. ती चार धरायची, मी दोन सोडवायचो. थोरली हे बघून टाळ्या वाजवत होती. "आणि तोंडानं जास्त बोलू नका," हिनं बजावलं. "तुमचं बोलणंच नडतं."

पुढच्या रविवारी लिंबाखाली गेल्या गेल्या मी म्हणालो, "आबा, ते परवाचं माझ्या मनाला पटत नाही."

आबांचा चेहरा पडला. "कमी पडतेत व्हय? आमच्या मनातबी तेच आलतं. वाढवू की."

"नको, नको! टॉवेल घाला!"

टॉवेल पडला. मी त्यांची दोन बोटं धरली. आबा माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"मास्तर, बरं वाटतंय न्हवं तुमाला?"

मी तोंड मिटून मान हलवली. त्यांनी माझी चार बोटं धरली. मी दोन हिसकली. त्यांनी तीन धरली. मी एक हिसकलं. मग त्यांनी माझा अख्खा पंजाच गच्च धरला. मी उठून उभा राहिलो आणि ओढायला लागलो. मेंबर घोंगडीवरनं बाजूला झाले. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "लई तापलाय सौदा." आणि त्या झटापटीत टॉवेल खाली पडला! सगळ्यांनी बघितलं: आबा पंजा धरून वर ओढताहेत आणि मी त्यांची दोन बोटं धरून लोंबकळतोय.

मग आबा म्हणाले, "अवो, उभ्या जन्मात हजारो बैल इकले म्या. पर सोताला खाली पाडणारा बैल आजच बगितला."

"दोनच," मी म्हणालो.

"बरं बाबा, दोन."

काय सांगू, त्या दिवशी एस.टी.च्या मागच्या सीटवर आपटत घरी आलो, पण पालखीत बसल्यासारखं वाटत होतं. गाई डोळ्यांसमोर यायच्या थांबल्या. आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो. हीपण खूष. दोनशेत काय काय घ्यायचं, याची यादी तिच्या तोंडपाठ झाली.

दोन महिने मन लावून काम केलं. हिशोब वेळेवर गेला, अनुदान आलं, छावणी पावसापर्यंत टिकली. शेवटच्या रविवारी आबांनी नारळ दिला, टोपी घातली आणि माझ्या हातावर नोटा ठेवल्या.

दहाच्या दोन.

मी त्या उलटून बघितल्या. मागंही दहाच लिहिलं होतं.

"आबा, हे..."

"दोन दहाई. वीस. तुमीच म्हणला की, दहाईतच बोलायचं म्हणून. शेकड्यात बोला म्हणलं आसतं तर आमी शेकड्यात बोललो आसतो."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो असा. म्हणजे त्या पहिल्या दिवशी मी पाचशे नाही, पन्नास मागितले होते! आठवडाभर ज्या पापानं मी झुरलो, ते पन्नास रुपयांचं होतं. आणि त्याचं प्रायश्चित्त म्हणून झटापट करून, घाम गाळून, मी वीसवर उतरलो होतो. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसालाही माझ्यापेक्षा जास्त सुटत होते.

खरं सांगू? मला बरंच वाटलं. सुटल्यासारखं. कुणाचा चारा माझ्या खिशात आला नव्हता. आता अन्याय झालाच असेल तर तो एकट्या माझ्यावर, आणि माझी माझ्याविरुद्ध तक्रार नव्हती.

हिची होती! वीस रुपये बघून ही हसत सुटली, इतकी की शेजारीण विचारायला आली. "आमच्या आप्पांनी आंधळी मेंढी विकली तरी याच्याहून जास्त आणले असते," म्हणाली. "आणि ती मेंढी दोन महिने हिशोब लिहीत नव्हती!"

माझ्या मनात मात्र एक किडा राहिलाच. दोनशे हा माझा आकडा तरी योग्य होता का? की तोही जास्त होता? की कमी? वर्गात 'मोबदला' हा शब्द शिकवताना दरवेळी जीभ अडखळायची.

बऱ्याच वर्षांनी आबांच्या नातीच्या लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो. आबा थकले होते, मांडवात खुर्चीवर बसून होते. मी शेजारी बसलो आणि धीर करून विचारलंच, "आबा, त्या साली मी शेकड्यात म्हणालो असतो, तर तुम्ही काय देणार होता?"

"द्यायाचं काय," आबा म्हणाले, "कमिटीत आदीच ठरलं हुतं. दोनशे."

"मग तीन बोटं धरून दुष्काळाकडं बघा का म्हणालात?"

"भाव म्हणलं की दोन शबूद बोलावं लागतेत मास्तर, न्हाय तर सौदा आळणी लागतो. तुमी दहाई म्हणला. आमाला वाटलं, मास्तर जनावरांसाठी पैसं सोडतेत. मग दुसऱ्यांदा येऊन आनकी खाली पाडून घेतलं. म्या लई वर वडलं तुमाला, पर तुमी ऐकना. पुण्याईच्या कामात आडवं कसं यावं?"

मला इतका आनंद झाला की मी तसाच उठून पंगतीत, बायकांच्या बाजूला गेलो. ही तिथं जेवण वाढत होती. "ऐकलंस का?" मी म्हणालो. "दोनशेच ठरले होते! माझं गणित एका पैशानंही चुकलं नव्हतं!"