आठ महिन्यांचे ‘आ’

मागच्या रविवारी मी चर्चला गेलेच नाही. डोकं दुखतंय म्हणाले. डोकं दुखत नव्हतं... तीच विनंती घेऊन परत देवासमोर जायची मला लाज वाटत होती.

आमचे हे, म्हणजे शमुवेल सर, बदनापुरात गणित शिकवतात. गेल्या जुलैत त्यांचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, आम्ही देवाचे आभार मानले. पण शुद्धीवर आले आणि तोंडातून नुसती हवाच बाहेर आली.

आवाजाची नस दुखावली आहे, असं कधीकधी होतं, डॉक्टर म्हणाले. सहा महिने लागतील, कदाचित वर्ष... कदाचित नाहीच. ते शेवटचे दोन शब्द माझ्या डोक्यातून गेलेच नाहीत.

ज्यांचा आवाज शाळेच्या गेटपर्यंत यायचा, ते आता कुजबुजतात. पाणी पिताना ठसका लागतो. शाळेने सध्या ऑफिसचं काम दिलंय, पण जूनपासून वर्ग घेता येतील का, हे लेखी कळवायला सांगितलंय.

मी उपास केले. बुधवारची प्रार्थना सभा आमच्याच घरी ठेवली. आणि रोज सकाळी, ह्यांनी दात घासायच्या आधीच, मोबाईल समोर धरून म्हणायचे... अहो, ‘आ’ म्हणा. कालच्या रेकॉर्डिंगशी आजचं ताडून बघायचे. फरक वाटला तर दिवसभर हलकं वाटायचं, नाही वाटला तर पोळी घशाखाली उतरायची नाही.

सात महिने झाले तशी माझी प्रार्थना आटली. डोळे मिटले की जून दिसायचा. घरी प्रार्थना तेच चालवायचे, तीही ऑपरेशननंतर बंद पडलेली... मला वाटलं, ह्यांनीही सोडून दिलं.

तर रविवारी हे एकटेच गेले. दुपारी त्यांच्या आधी सालोमीमावशी दारात. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यात वयस्कर बाई, अंबडकडच्या.

“काय होऊन राह्यलं गं तुला?” त्या चपला काढता काढताच म्हणाल्या.

“काही नाही मावशी. डोकं जरा...”

“मंग सर रडले कशाला?”

मावशी सांगू लागल्या. प्रार्थनेच्या विनंत्या सांगायच्या वेळी सर उभे राह्यले. काहीच ऐकू येईना, म्हणून पाळकांनी माईक नेऊन दिला. सगळ्यांना वाटलं, आवाजासाठीच मागतील. तर ते म्हणाले, शोभासाठी प्रार्थना करा. ती जेवत नाही, हसत नाही, माझ्यामुळं झुरून राह्यली.

मावशी चहा न घेताच गेल्या. मी मोबाईल घेऊन बसले आणि पहिल्यापासून सगळी रेकॉर्डिंग लावली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर... सगळे ‘आ’ सारखेच. पण त्यात मला दुसराच आवाज ऐकू आला. माझा.

“परत म्हणा.” “नीट म्हणा.” “काल बरा होता, आज काय झालं?” एका ठिकाणी तर मी चक्क ओरडले होते, आणि त्यानंतर त्यांनी मुकाट्याने पुन्हा ‘आ’ म्हटलं होतं. आठ महिन्यांत एकदाही नाही म्हणाले नाहीत.

सोमवारी संभाजीनगरला तपासणी होती. नाकातून दुर्बीण घालून डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. मी खुर्चीची कड घट्ट धरून बसले होते.

“स्वरयंत्राची डावी बाजू अजून हलत नाही. मे महिन्यात परत बघू.”

म्हणजे शाळा उघडायच्या तोंडावर... मी मान हलवली. परतीच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर मात्र रडू आवरेना. समोर बसलेल्या बाईने न विचारता स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली.

ह्यांनी माझा हात धरला आणि ओठ हलवायला लागले. गाडीच्या खडखडाटात काही कळेना. मी वाकून कान अगदी त्यांच्या तोंडाशी नेला.

“प्रभू, जूनला शाळा उघडते. मला आवाज पाहिजे. मला लई भीती वाटून राह्यली...”

मी दचकलेच. ह्यांना भीती वाटते, हे मला आठ महिन्यांत एकदाही कळलं नव्हतं.

“मला वाटलं तुम्ही मागणं सोडलं,” मी म्हणाले.

“न्हाई गं. रोज मागतो. तुला ऐकू येत नव्हतं.”

करमाडपासून बदनापूरपर्यंत आम्ही तेच मागत बसलो. एकदा त्यांनी, एकदा मी. आमेन म्हटल्यावर भीती गेली होती, असं नाही... पण मी एकटी नव्हते.

आज सकाळी मोबाईल चार्जिंगलाच होता. ‘आ’ म्हणायला लावलं नाही. शेजारी बसून मागितलं फक्त, कालचंच, त्याच शब्दांत.

उत्तर अजून आलेलं नाही, हे खरं सांगते. मे यायचाय. तुमच्या प्रार्थनेत आम्हाला आठवा... आणि आठवाल तेव्हा नाव दोघांचंही घ्या.