गच्चीवरच्या पंख्याची पूजा

माझं नाक जगात दुसऱ्या क्रमांकाचं आहे. पहिला क्रमांक दौंडला राहणाऱ्या माझ्या आईचा. तिला शेजारणीचं दूध उतू जायच्या आधी कळतं. रांजणगावात कुणी थिनरचा डबा उघडला की मी इकडे शिरूरला शिंकते. खोटं वाटत असेल त्यानं उघडून बघावा.

या नाकावरच माझं सगळं संशोधन उभं आहे. लोक मला मूल होण्यासाठी उपचार करणारी डॉक्टर म्हणून ओळखतात, पण माझा जीव अडकलाय तो गर्भाच्या पहिल्या चार-सहा दिवसांत. तेव्हा तो आईच्या पोटाबाहेर काचेच्या बशीत असतो, आणि असतो एवढुसा, की रव्याचा कण त्याच्यापुढे पैलवान वाटावा. पुण्यात शिकत असताना आमच्या प्रयोगशाळेतले उंदरांचे गर्भ एकाएकी वाढायचे थांबले. सर म्हणाले, द्रावण बिघडलं. मी म्हणाले, दाराला ताजा ऑइलपेंट लागलाय, तो त्यांना सोसत नाही. सगळे हसले. शेवटी दार काढून बाहेर ठेवलं, तर पुढचे गर्भ असे भराभर वाढले की वाटलं, आता उंदीर बशीतून उतरून चालायलाच लागतात. तेव्हापासून हवेतलं काय काय गर्भाला बाधतं, हे हुंगत फिरणं हाच माझा धंदा. शिरूरच्या माझ्या सेंटरमध्ये गजरा, अत्तर, उदबत्ती सगळ्याला बंदी. एका नवरदेवाला मी हळदीसकट परत पाठवलंय.

आणि अशा जागी एकदा खंडेनवमी आली.

इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे गर्भ उबेत ठेवायच्या पेटीत, त्या दिवशी निमोण्याच्या एका जोडप्याचा गर्भ होता. एकच. त्यांचे बाकीचे सगळे आठ पेशींपर्यंत येऊन तिथेच थांबले होते, आणि हाही आता बरोबर त्याच उंबऱ्यावर होता. नवरा रांजणगावच्या एका कंपनीत पेंट शॉपला, म्हणजे रंग मारायच्या खात्यात, त्यामुळे त्याला मी जिनासुद्धा चढू देत नसे. सून आली होती सासऱ्यांबरोबर. सासरे म्हणजे आबा, गावच्या विकास सोसायटीच्या राजकारणात केस पिकवलेले. त्यांच्या हातात झेंडूचा हार, नारळ, आणि पिशवीत जे होतं ते माझ्या नाकानं पिशवी न उघडता वाचलं.

"ट्रॅक्टरला हार, मोटारीला हार, पोराच्या कंपनीत मशिनीला हार," आबा म्हणाले. "आन् ज्या पेटीत माझं नातवंड हाय, तिला न्हाई व्हय?"

त्या पेटीला धुराचं वावडं आहे, असं मी सांगितलं. आबा लगेच बरं म्हणाले. सोसायटीचा माणूस पहिल्याच दमात बरं म्हणतो म्हणजे कुठेतरी दुसरं पॅनल उभं राहिलंय! पण माझी नजर स्क्रीनवरून हलेना. पेटीच्या आत कॅमेरा आहे, दार न उघडता बाहेर चित्र दिसतं. सून आणि मी त्या आठ पेशींकडे टक लावून बसलो होतो.

आबांनी बाहेर सिस्टरला सहज विचारलं, की आत हवा येते कुठून. ती बिचारी म्हणाली, गच्चीवरच्या पंख्यातून.

थोड्या वेळानं मला कापराचा वास आला. मग धूप. मग उदबत्ती, तीही एक नाही, अख्खा पुडा. शिरूर वसल्यापासून नऊवारी काय नि सहावारी काय, कुठल्याच साडीतली बाई एवढ्या वेगानं जिना चढली नसेल. वर पाहते तो पंख्याच्या तोंडाला हार, कपाळाला कुंकू, पुढ्यात धुपाटणं, आणि धुराचा लोट सरळ आत. आबा हात जोडून उभे, डोळे भरलेले.

"मॅडम, बघा की. देव सोता धूर वढून घेतोय."

मी बटण बंद केलं आणि सांगितलं, हीच हवा खाली नातवंडाकडे जाते. पेटतं धुपाटणं आबांनी उघड्या हातानं उचललं आणि पाण्याच्या बादलीत बुडवलं.

हवेच्या वाटेत कोळशाची गाळणी होती खरी, पण वास माझ्या खुर्चीपर्यंत आला होता, म्हणजे काहीतरी निसटलं होतंच. खाली सून उभी.

"थांबलं का हो ते?"

मी, जी पाल दिसली तर मगर सांगते, आयुष्यात पहिल्यांदा जेवढं माहीत होतं तेवढंच बोलले. अजून कळत नाही. पेटी उघडायची नाही. नुसतं बघायचं.

सासऱ्यांपुढे कधी मान वर न केलेली ती पोर आबांकडे वळली. "आबा, तुमी आता पायऱ्या राखा. वासाचं कुणी वर येता कामा नये."

आबांनी राखल्या. आधी स्वतःची तंबाखूची डबी सिस्टरच्या हवाली केली. मग औषधकंपनीच्या माणसाला सेंट लावलाय म्हणून परत पाठवलं, आणि अत्तर लावून भेटायला आलेल्या स्वतःच्या व्याह्यांना रस्त्याच्या पलीकडूनच रामराम घातला. दसऱ्याचं सोनंसुद्धा त्यांनी आधी हुंगून घेतलं.

दसऱ्याच्या सकाळी स्क्रीनवर पाहिलं तर त्या सुट्या सुट्या पेशी एकमेकींना बिलगल्या होत्या, तुतीच्या फळासारख्या. उंबरा ओलांडला होता! आणि दुसऱ्या दिवशी त्या तुतीच्या पोटात पाणी भरू लागलं, पोकळी वाढत गेली, कवच ताणून पातळ झालं. हजारदा पाहिलंय मी हे, आणि हजारदा खुर्चीवरून उठलेय. त्या दिवशी खुर्चीच उलटली. सून स्क्रीनला बोट लावून हसत होती आणि रडत होती. मी जिन्याच्या टोकाशी जाऊन आबांना वर बोलावलं.

"नको," ते खालूनच म्हणाले. "अंगात चाळीस वर्सांची तंबाखू हाय माझ्या. हितनंच सांगा."

मग मी वरून सांगितलं, ते बहुधा न्हावऱ्यापर्यंत ऐकू गेलं असावं. तो गर्भ त्याच दिवशी आईच्या पोटात ठेवला. एका गर्भावरून काही सिद्ध होत नाही. धुरानं त्याचं काही बिघडलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. पंख्याचं तोंड मात्र मी आता अशा उंचीवर नेलंय, की पूजा करायची तर घारीनंच करावी.

पुढच्या खंडेनवमीला खालून हाक आली. मी जिन्यात आले. आबा पायथ्याशी उभे, हातावर दुपट्यात गुंडाळलेली नात. मी तिला घ्यायला दोन पायऱ्या उतरले, तर ते मागे सरकले.

"तितंच थांबा, मॅडम. आत्ताच न्हाऊ घालून धुरी दिलीया हिला. वरच्या लेकरांना बाधंल."