चिंचेखालचं वावर आणि एकोणीस सेकंद

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. औशाच्या बसस्थानकात लातूरची एसटी अजून उभी आहे, पण माझ्या शेजारी, खिडकीजवळच्या सीटवर अयोध्या बिराजदार यांचं काम सुरू झालं आहे. एका कानात इअरफोन, मांडीवर दोनशे पानी वही. शेतकऱ्यांनी मोबाईलवर बोलून पाठवलेले निरोप ऐकायचे आणि जसेच्या तसे उतरवायचे. आज, एक सप्टेंबरला, तेवीस आले आहेत. बस हलेपर्यंत चार उतरवून होतात.

अयोध्याबाई एकेचाळीस वर्षांच्या आहेत. नऊ वर्षं त्या औशातल्या एका कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर होत्या. शेतकरी उपटलेलं रोप ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचे आणि त्या औषध काढून द्यायच्या. तीन वर्षांपूर्वी पिकांचा सल्ला देणाऱ्या एका संकेतस्थळाच्या लातूर कार्यालयात त्या लागल्या. कार्यालय दोन माणसांचं. उत्तरं कृषी पदवीधर शिल्पा देते आणि प्रश्नोत्तरांचं पान अयोध्याबाई लावतात.

जूनमध्ये नांदेडच्या मुख्य कार्यालयातून आनंदराज सर आले. त्यांच्याकडे एक आकडा होता. पानावर आलेला माणूस सरासरी एकोणीस सेकंद थांबतो. औषधाचं नाव पाहतो आणि जातो. एवढ्या वेळात तो दुसरं काहीच, जाहिरातसुद्धा, पाहत नाही, मग पान चालवायचं कशासाठी? ऑगस्टअखेर सरासरी दोन मिनिटं झाली तर ठीक, नाहीतर लातूरचं पान बंद आणि अयोध्याबाईंची बदली नांदेडला, जाहिरातींच्या कामावर. औशाहून रोज नांदेड होत नाही. म्हणजे नोकरी सोडणं आलं.

उपायही त्यांनीच सांगितला. "उत्तर खाली न्या. वर फोटो, मग माहिती, औषध सगळ्यात शेवटी. माणूस शोधत शोधत खाली जाईल."

अयोध्याबाईंनी तसं केलं. आठ दिवसांत सरासरी एक मिनिट दहा सेकंदांवर गेली. नवव्या दिवशी बुधोड्याच्या पंचफुलाबाईंचा फोन आला. दुकानापासूनची ओळख.

"काय गं, दुकानात व्हतीस तवा बी औषध कपाटामागं दडवून गिऱ्हाइकाला हुडकाय लावायचीस का?"

"न्हाई मावशी."

"मग आता कामून? एका हातात रोप, एका हातात मोबाईल, वरून ऊन. अंगठ्यानं किती खाली-वर करू मी? तुझं औषध सापडंपर्यंत रेंज गेली."

त्याच दिवशी, नांदेडला न विचारता, त्यांनी उत्तर पुन्हा सगळ्यात वर आणलं. दुसऱ्या दिवशी सरासरी एकवीस सेकंद.

त्या आठवड्यात त्यांनी जुने निरोप पुन्हा ऐकले, आणि आपली चूक त्यांच्या ध्यानात आली. इकडचा शेतकरी थेट प्रश्न विचारत नाही. आधी रानाचं नाव सांगतो, कारण इथं प्रत्येक रानाला नाव असतं. मग मागच्या साली तिथं काय होतं, पेरणी कुणी केली, शेजारी काय म्हणाला. अडीच मिनिटांच्या निरोपात प्रश्न शेवटच्या दहा सेकंदांत येतो. काउंटरवर त्या हे सगळं ऐकून घ्यायच्या, त्याशिवाय औषधच काढायच्या नाहीत. संकेतस्थळावर मात्र तीन वर्षं त्यांनी ते कापून टाकलं होतं. उरायचं ते एवढंच : 'सोयाबीनचे शेंडे सुकत आहेत, उपाय सांगा.'

जुलैच्या पहिल्या सोमवारी त्यांनी एक निरोप, पाठवणाऱ्याला विचारून, अख्खा लावला. वर दोन ओळींत शिल्पाचं उत्तर : चक्रीभुंगा आहे, खोडावर दोन खाचा दिसतील, सुकलेला भाग खाचेच्या खालून तोडून नष्ट करा. त्याखाली 'चिंचेखालचं वावर' असा मथळा आणि शेतकऱ्याचं सगळं बोलणं.

शिल्पा म्हणाली, "मॅडम, हे कोण वाचणार? यात त्याच्या मेव्हण्याचा ट्रॅक्टरसुद्धा आहे."

"मेव्हण्याचा ट्रॅक्टर ऱ्हाऊ दे. त्यानंच तर दाट पेरलंय, अन् दाट पिकात भुंगा वाढतोय."

लोकांनी वाचलं. ज्याचं रान झाडाच्या सावलीत होतं तो थांबला, ज्याच्या मेव्हण्याने पेरलं होतं तोही थांबला. खाली प्रतिक्रिया आल्या. "पावणे, पुढच्या साली तुमीच पेरा," असं एकाने लिहिलं. मग अयोध्याबाईंनी पानाची मांडणीच बदलली. रोगांच्या यादीऐवजी रानांची यादी : खोलगट लवणातलं, माळावरचं, ओढ्याकाठचं. आपल्या रानासारखं रान शोधत माणूस दुसऱ्याचा प्रश्न वाचू लागला. जुलैअखेर सरासरी एक मिनिट पाच सेकंद झाली. काल, एकतीस ऑगस्टला, एक मिनिट बावन्न.

आज अकरा वाजता आनंदराज सर गंजगोलाईजवळच्या कार्यालयात आले.

"आठ सेकंद कमी पडले, बाई."

"हाव सर."

"उत्तर कुणाला विचारून वर घेतलं?"

"कुणाला न्हाई. औषध पुढं ठेवायची सवय हाय."

सरांनी मोबाईलवर पान उघडलं. मुखेड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा प्रश्न होता, 'गढीमागचं रान'. मुखेड हा त्यांचाही तालुका. ते वाचत राहिले. "इथं पाणी थांबतंय, मला माहीत आहे. आमचं शेत याच्या बांधाला," एवढंच मध्ये बोलले. अयोध्याबाईंनी वही उघडून पुढचा निरोप उतरवायला घेतला.

"सर, साडेपाच मिनिटं झाली," शिल्पा म्हणाली.

सरांनी मोबाईल ठेवला आणि पिशवीतून एक कागद काढला. एकदा येऊन त्याच आठवड्यात पानावर परत येणारे जूनच्या सुरुवातीला शंभरात आठ होते. उत्तर खाली होतं त्या दिवसांत तीन. ऑगस्टमध्ये एकतीस.

"पान चालू राहील," ते म्हणाले. "नांदेडचं पानही असंच लावायचं. तिथल्या पोरांना शिकवाल?"

"शिकवीन की. पण इथं बसून. अन् पहिले पंधरा दिवस त्यांनी नुसतं ऐकायचं."

वेळ कसा वाढवला, असं मी विचारलं, तेव्हा त्या वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "मी काय वाढवलं न्हाई. लोक बोलायलेत, ते कापायचं थांबवलं."

उद्याच्या पानावरचा पहिला निरोप ठरला आहे : बुधोड्याच्या पंचफुलाबाईंचा, दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा, प्रश्न शेवटच्या नऊ सेकंदांत. अयोध्याबाई सात दहाला औशात लातूरच्या बसमध्ये असतील, आणि पान नऊ वाजता लागेल.