शकूमावशींच्या घशातली शिट्टी

शकूमावशी होत्या म्हणून मी आज चाकणच्या कंपनीत कामाला आहे. हे आधी सांगतो, काय झालं ते मग.

मावशी माझ्या नात्यातल्या नाहीत. आकुर्डीत त्यांची मेस आहे आणि वरच्या दोन खोल्यांत आम्ही गाव सोडून आलेली पोरं राहतो. मी कळमनुरीकडचा. नववीतून शाळा सुटली आणि इकडे आलो, तेव्हा भाजी परत मागायची म्हटलं तरी मला घाम फुटायचा. कंपनीची बस एकदा जरी चुकली तर ठेकेदार घरी पाठवतो, असं कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून मी सगळ्यांच्या आधी खाली जाऊन उभा राहायचो. एका सकाळी खोलीला कुलूप लावलं की नाही अशी शंका आली, म्हणून पळत वर गेलो. कुलूप लावलेलं होतं. खाली बघतो तर बस निघालेली.

तेवढ्यात गॅलरीतून मावशींचा आवाज आला, "ए डायवर! थांब की! आमचं कळमनुरी ऱ्हायलंय!"

बस थांबली. तिच्यामागची रिक्षा थांबली, दूधवाला थांबला, आणि समोरून येणारा एक पोलीसही काही कारण नसताना थांबला. असा तो आवाज.

मावशी कोणालाच नावाने हाक मारत नसत, गावाच्या नावाने मारत. "ए जिंतूर, भात घे. ए शिरूर, ताटात टाकलंस ते कोण खाणार, तुझा बा येणार हाय का?" आमवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती. सकाळी तर डब्याचं झाकणही उघडायचं नाही. त्या म्हणायच्या, "बोटं संपावर गेल्यात, पर तोंड कामावर हाय."

मग तोंडानेही कुरकुर सुरू केली. आवाज घोगरा झाला, थंडीत सुरू न होणाऱ्या टेम्पोसारखा. गिळताना काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, म्हणाल्या. मेसमध्ये डॉक्टर सोडून सगळे होते. जिंतूर कंपनीत मेंटेनन्सला, तो म्हणाला, "मावशी, बेअरिंग जाम झालंय, ग्रीस लागंल," आणि त्याने चमचाभर तूप पाजलं. शिरूरने ज्येष्ठमध आणलं. मावशींना स्वतःला दृष्ट लागल्याचा संशय होता. त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. सगळी मेस खोकायला लागली. "बघा," मावशी कशाबशा म्हणाल्या, "समद्यांनाच लागल्याली हाय."

शेवटी आवाज इतका बसला की त्यांनी भंगारातून सायकलचा रबरी भोंगा आणला. बोटांनी दाबता येईना, म्हणून तो ओट्याला बांधून त्या कोपराने दाबायच्या. पों म्हणजे भात. पण कोणाला भात ते भोंगा सांगत नसे, त्यामुळे सगळेच ताट पुढे करायचे.

त्याच दिवसांत भात कच्चा लागायला लागला. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा, हे काम आम्हा पोरांकडे असे. शिट्ट्या बरोबर व्हायच्या आणि भात टणटणीत. आधी तांदळाला शिव्या घातल्या, मग दुकानदाराला. जिंतूरने कुकरचं रबर बदललं. तरी कच्चाच.

एका गुरुवारी, सुट्टी होती म्हणून, मी ओट्यापाशी वाटाणे सोलत बसलो होतो. कुकर अजून गॅसवर चढवलाही नव्हता. मावशी भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होत्या. सुंईं असा आवाज आला.

"एक झाली!" आतून जिंतूर ओरडला.

मावशींनी पुन्हा श्वास घेतला.

"दोन!"

मी कुकरकडे पाहिलं, मग मावशींकडे. त्यांच्याही लक्षात आलं. आम्ही दोघं हसायला लागलो आणि हसता हसता मावशींना श्वासच आत घेता येईना. त्या पायरीवर बसल्या. शिट्टी लांब झाली, बारीक झाली. माझं हसू तिथेच थांबलं.

दवाखान्याचं नाव काढलं की त्या इतके दिवस म्हणायच्या, "घसा बसलाय. बसलाय तर उठंल." या वेळी भाजीची पिशवी खाली ठेवून उठल्या. सोबत कोण येणार विचारलं, तर वाकडं बोट माझ्याकडे केलं. कमी बोलणारा म्हणून असेल.

दवाखान्यात खिडकीवरच्या ताई मान वर न करता म्हणाल्या, "बसा, नंबर येईल." मी बसलोही. शेजारी शिट्टी वाजत होती. मग काय झालं कळलं नाही, मी उभा राहून ओरडलो, "ओ ताई! हिला श्वास येत नाहीये!" ताईंनी मान वर केली. मी मावशींबद्दल पहिल्यांदाच एकेरीत बोललो होतो. त्यांनी पास केल्यासारखी मान हलवली.

डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घालून आत पाहिलं. म्हणाल्या, आवाजाच्या पट्ट्या हलवणारे दोन छोटे सांधे घशात असतात. बोटांतला आमवात तिथेही पोचला होता. सांधे सुजलेले, पट्ट्या उघडत नव्हत्या, म्हणून श्वास घेताना शिट्टी.

"म्हंजी घशात बी गुडघं असत्यात?" मावशींनी कुजबुजत विचारलं.

"तसंच समजा. आमवाताच्या गोळ्या चालू आहेत ना?"

मी मावशींकडे पाहिलं. मावशी पंख्याकडे बघत होत्या. "उष्ण पडत्यात," म्हणाल्या.

त्यांना लगेच आत घेतलं. आणखी उशीर झाला असता तर गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावी लागली असती, असं बाई मला म्हणाल्या. मी बाकावर बसून राहिलो. कुलूप लावलंय का, गॅस बंद आहे का, असलं काहीही त्या दिवशी डोक्यात आलं नाही. एकच गोष्ट होती, मावशींचा श्वास.

इंजेक्शनांनी सूज उतरली. मावशी घरी आल्या तेव्हा जिंतूर दारातच उभा, "मी म्हणलो नव्हतो, बेअरिंग!" त्याने घशातल्या गुडघ्यासाठी गुडघ्याचा पट्टा आणला होता. मावशींनी तो भोंगा दाबायच्या कोपरावर चढवला.

आता त्यांना गोळी आम्हा सगळ्यांसमोर घ्यावी लागते, गिळून जीभ दाखवावी लागते. आवाज परत आलाय, पण खरखरीत आणि हळू. ओरडायला बंदी आहे. सकाळी कोणी मागे राहिलं की मावशी मला कोपराने गॅलरीत ढकलतात आणि मी ओरडतो, "थांब की!"

"पोटातनं काढ," मावशी मागून म्हणतात. "शेरडू वरडल्यागत काय करतुयास?"

मी सुट्टीच्या दिवशी मोठी गाडी शिकायला जातोय. अजून गिअर टाकताना गाडी बंद पडते, पण शिकेन. मावशी, एक दिवस कंपनीची बस माझ्या हातात असेल. ती रोज तुमच्या गॅलरीखाली उभी राहील, शेवटचं पोरगं चप्पल घालून खाली येईपर्यंत. कोणाला ओरडावं लागणार नाही. हा माझा शब्द.