जंगली आंब्याचं तोरण

सिंगापूरच्या सर्वांत उंच डोंगराच्या माथ्यावर एक मोठा दगड आहे आणि त्यावर डोंगराची उंची लिहिलेली आहे. ती वाचून महाराष्ट्रातून आलेला माणूस आधी हसतो, मग दगडाला टेकून फोटो काढतो आणि गावी पाठवताना तो आकडा फोटोत येणार नाही याची काळजी घेतो. बुकित तिमा हे डोंगराचं नाव. राजगड-हरिश्चंद्रगड करून आलेल्यांनी याला टेकडी म्हणावं की नुसता उंचवटा, यावर आमच्या रविवारच्या गटात दोन मतं आहेत. धाप मात्र दोन्ही मतांच्या लोकांना सारखीच लागते, कारण इथल्या हवेत निम्मं पाणी असतं.

या गटाचे पुढारी प्रबोध परचुरे. मूळचे पुण्याचे, वय पन्नाशीच्या जवळपास, तांजोंग पगारच्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. म्हणजे जे काम आपल्याला येत नाही ते दुसरे कधी पूर्ण करतील, हे छातीठोकपणे सांगण्याचा पगार त्यांना मिळतो. हेच कौशल्य त्यांनी जंगलात नेलं आणि आमचे वनस्पतितज्ज्ञ झाले.

परचुऱ्यांची पद्धत ठरलेली होती. कोणी झाडाकडे बोट दाखवलं की ते थांबत, हात पाठीमागे बांधत, खालचं एखादं गळलेलं पान उचलून चुरगाळत, डोळे मिटून वास घेत आणि नाव सांगत. नाव नेहमी सह्याद्रीतलं असे. ऐन, किंजळ, हिरडा, अंजन अशी सगळी मंडळी त्यांनी विषुववृत्ताजवळ आणून वसवली होती. ‘माहीत नाही’ असं त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेलं नव्हतं. विरोध करायचा तर आम्हा बाकीच्यांचं वनस्पतिशास्त्र कुंडीतल्या कढीपत्त्यापाशी संपत होतं.

त्यांचा दुसरा ध्यास म्हणजे अस्सल इथलं काय आणि बाहेरून आलेलं काय. रस्त्याकडेला सावली धरून उभा असलेला प्रचंड रेन ट्री दिसला की ते तुच्छतेने सांगत, “हा दक्षिण अमेरिकेतला.” बोगनवेल बाहेरची, रबर बाहेरचं. परचुऱ्यांचा स्वतःचा पीआरचा, म्हणजे इथल्या कायम वास्तव्याचा, अर्ज दोनदा नाकारला गेला होता आणि त्याचा या विषयाशी थेट संबंध आहे असं त्यांच्या पत्नीचं, मधुवंतीवहिनींचं, म्हणणं होतं. वहिनी मानसशास्त्र शिकलेल्या नाहीत, त्यांनी फक्त संसार केला आहे.

गटात त्यांना उलट बोलणारा एकच होता, उज्ज्वल मेश्राम. नागपूरचा, इथे एका प्रयोगशाळेत संशोधक. पहिल्या भेटीत परचुऱ्यांनी त्याला नाव विचारलं, मग पूर्ण नाव विचारलं, मग मूळ गाव विचारलं. उज्ज्वलने ते सगळं शांतपणे सांगितलं, कारण पुण्याच्या माणसांशी बोलायची त्याला सवय होती. पुढे एकदा परचुरे समजावत होते की प्रत्येक झाडाला नावापाठोपाठ कुळ असतं, कुळ ओळखलं की निम्मं काम झालं. तेव्हा उज्ज्वल म्हणाला, “परचुरे, तुम्ही माणसं ओळखता तशीच झाडं ओळखता. आडनाव विचारून.” परचुरे मोठ्याने हसले. विनोद त्यांना कळला होता की नाही, हे अजून कोणाला ठरवता आलेलं नाही.

तर गुढीपाडव्याची गोष्ट. इथल्या आमच्या मराठी मंडळाचा पाडवा सेरंगूनला, परचुऱ्यांच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये होता. आंब्याची पानं लिटिल इंडियात जुड्या बांधून मिळतात आणि दरवर्षी तीच येत. या वर्षी आदल्या दिवशी वादळी पाऊस झाला आणि बुकित तिमाच्या बाहेरच्या फूटपाथवर एक भलीमोठी फांदी आडवी झालेली परचुऱ्यांना सापडली. जंगलातलं पानही उचलून नेणं हा इथे गुन्हा आहे. पण फांदी फूटपाथवर होती, आणि फूटपाथ जंगल नाही, हे त्यांनी आम्हाला नंतर अनेकदा समजावलं. पानं लांबट, जाड, चकचकीत होती. चुरगाळली तर वास कैरीचा आला असं ते म्हणाले. इतरांना पानाचा आला.

“जंगली आंबा,” त्यांनी जाहीर केलं. “इथलाच. शंभर टक्के नेटिव्ह. बाजारातली पानं कुठल्या बागेतली कोण जाणे.”

त्या संध्याकाळी परचुरे, मधुवंतीवहिनी आणि संजीवनीकाकू तोरण ओवायला बसले. काकू म्हणजे मंडळाच्या सर्वांत ज्येष्ठ सभासद; त्यांच्या मताला मत म्हणत नाहीत, निर्णय म्हणतात. देठांतून चीक येत होता आणि सुकल्यावर काळा पडत होता. काकूंनी त्याबद्दल विचारलं तेव्हा परचुरे म्हणाले की ही ताजेपणाची खूण. उज्ज्वल मदतीला येणार होता, तो जेवायच्या वेळी आला.

पाडवा छान झाला. गुढी उभी राहिली, श्रीखंड संपलं, चैत्रातलं हळदीकुंकूही त्यातच उरकलं. त्यात अनघाने सगळ्यांच्या मनगटांवर अत्तर लावलं. अनघा सेरंगूनमध्येच राहते. नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्यातली आपली नोकरी सोडून आली, दोन वर्षं भिंतींकडे बघितलं आणि मग घरच्या घरी अत्तर बनवायला शिकली. त्यावर तिचा जीव होता. काकूंच्या भाचीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायच्या कुप्यांची मोठी ऑर्डर तिला नुकतीच मिळाली होती, तिची पहिलीच.

दुसऱ्या दिवशी तोरणवाल्या तिघांचे हात खाजू लागले. तिसऱ्या दिवशी लाल झाले, सुजले आणि त्यांवर पाण्याने भरलेले फोड आले. परचुऱ्यांनी ओवताना कपाळावरचा घामही पुसला होता, त्यामुळे त्यांच्या कपाळावर एक आडवा पट्टा उठला आणि ते एखाद्या पंथाचे वाटू लागले.

काकूंनी निर्णय दिला: अत्तर. तेवढं एकच नवीन होतं. अत्तर तर पन्नास जणांना लावलं होतं, उरलेले ठणठणीत कसे, असं कोणीतरी विचारलं. काकू म्हणाल्या, एकेकाची कातडी असते. शिवाय अनघाच्या अंगावर एक फोड नाही, हे बघा. आपलं अत्तर तिने स्वतःला का लावलं नव्हतं? लावलं नव्हतं कारण हळदीकुंकवाला लावणारी बाई स्वतःला विसरते, पण व्हॉट्सअ‍ॅपवर हे कारण फार दुबळं दिसलं. येत्या रविवारपर्यंत खुलासा झाला नाही तर भाचीची ऑर्डर रद्द, असं काकूंनी लिहिलं आणि खाली हात जोडलेलं चित्र टाकलं.

अनघाने उत्तरात काय काय घालते त्याची यादी दिली. ती कोणी वाचली नाही.

परचुरे नोव्हेनाला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर इथलेच, तरुण, चिनी. त्यांनी हात एकदा बघितले आणि विचारलं, जंगलात गेला होतात का. परचुऱ्यांनी फांदीचा फोटो दाखवला. डॉक्टरांना फोटो मोठासुद्धा करावा लागला नाही. हा रेंगास, ते म्हणाले. याचा चीक अंगाला लागला की असंच होतं. इतकं नक्की कसं सांगता, असं परचुऱ्यांनी विचारलं, कारण झाडं ओळखणाऱ्या दुसऱ्या माणसाबद्दल त्यांना नेहमीच संशय असे. डॉक्टर म्हणाले, इथे प्रत्येक मुलाला सक्तीने आर्मीत जावं लागतं, आणि आर्मीत असताना जंगलात एका सकाळी हीच पानं आपण पुसायला वापरली होती, आणि हात पुसायला नव्हे. एवढं सांगून त्यांनी मलम लिहून दिलं.

परत येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, परचुऱ्यांनी फोनवर रेंगास शोधून वाचला. आंब्याच्याच कुळातला निघाला. बिब्ब्याचा भाऊबंद.

आता प्रश्न सरळ होता. ते बोलले असते तर अनघाची ऑर्डर वाचली असती आणि त्यांची विद्वत्ता गेली असती. आणि एकदा एक झाड चुकलं म्हटलं की लोक ऐन, किंजळ, हिरडा सगळेच तपासायला लागले असते. गप्प राहिले असते तर उलट. ऑफिसात असल्या पेचावर ते मीटिंग बोलावतात. इथे बोलावण्यासारखं कोणी नव्हतं. जेवताना त्यांनी मधुवंतीवहिनींना डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, पण ‘एक शक्यता अशीही आहे’ अशी सुरुवात करून.

वहिनींच्या दोन्ही हातांना मलम फासलेलं होतं आणि त्या चमच्याने वरणभात खात होत्या. त्यांनी चमचा खाली ठेवला.

“अनघाला उद्या सांगणार आहेस की रविवारी सगळ्यांसमोर?”

“मी जरा अजून वाचून—”

“रविवारी,” वहिनी म्हणाल्या. “सगळ्यांसमोर.”

मुलगी उल्का फोनमधून मान वर न काढता म्हणाली, “बाबा, जस्ट से सॉरी, लाह.” इथल्या शाळांत वाढलेल्या मुलांना हे सोपं वाटतं.

रविवारी डोंगराच्या पायथ्याशी गट जमला. खुलासा ऐकायला काकूही आल्या होत्या. अनघा आली होती, पण जरा लांब उभी होती. परचुऱ्यांनी घसा साफ केला आणि सांगून टाकलं. ते पान आंब्याचं नव्हतं, मी चुकलो, अत्तराचा काही संबंध नाही.

आणि कोणाचाही विश्वास बसला नाही.

इतक्या वर्षांची मेहनत अशी आडवी आली. सगळ्यांना भरून आलं. केवढा मोठा माणूस, दुसऱ्याचं आपल्यावर घेतोय, असं दोघेतिघे बोललेसुद्धा. काकू तर पुढे होऊन म्हणाल्या, “प्रबोध, तू मनाचा चांगला आहेस, पण आमच्या डोळ्यांत धूळ नको टाकूस. कोकणस्थाच्या घरचा तू. तू आंबा ओळखायला चुकशील?”

डॉक्टरांचं मत सांगितलं तर काकू म्हणाल्या, त्या चिन्याला आंब्यातलं काय कळतं. अनघाने एकदा परचुऱ्यांकडे बघितलं. आभार मानावेत की रडावं, हे तिला ठरवता येत नव्हतं.

उज्ज्वल इतका वेळ बुटाची नाडी बांधत होता. “परचुरे,” तो म्हणाला, “बिब्बा उतल्यावर असंच होतं. आजीचे हात बघितलेत मी. झाड कुठंय ते माहीत आहे का तुम्हाला?”

“कुळ बरोबर होतं माझं,” परचुरे पुटपुटले.

“कुळ बरोबर असून माणूस वाईट निघतो. झाड कुठंय?”

झाड फूटपाथच्या पलीकडे, कुंपणाच्या जरा आत, वाटेला लागूनच होतं. वादळात त्याची आणखी एक फांदी अर्धवट मोडली होती आणि मोडल्या जागेवरून काळा ओघळ खोडावर आला होता. परचुऱ्यांनी डाव्या हाताची बाही वर केली. तो हात कोपरापासून वर अजून कोरा होता. त्यांनी हात पाठीमागे बांधले नाहीत, डोळे मिटले नाहीत, वासही घेतला नाही. सगळ्यांच्या देखत त्यांनी दंड त्या ओघळावर घासला. काकूंनी “अरे अरे” केलं, तोवर झालं होतं.

“इथे अत्तर नाही,” ते अनघाकडे न बघता म्हणाले. “आता थांबा.”

थांबावं लागलं. सोमवारी गटावर दंडाचा फोटो आला: स्वच्छ. काकूंनी लिहिलं, “बघा.” एका माणसाने आपल्याला फोड यावा म्हणून इतकी आस लावून बसणं हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. परचुरे मीटिंगमध्ये बाही वर करून बघत. संध्याकाळी त्यांना वाटलं खाजतंय. वहिनींनी चष्मा लावून बघितलं आणि मच्छर म्हणून निकाल दिला. अनघाने अत्तराच्या रिकाम्या कुप्या पुन्हा खोक्यात भरायला घेतल्याचं तिच्या नवऱ्याकडून कळलं.

मंगळवारी पहाटे परचुऱ्यांनी सगळं घर उठवलं. दंडावर लालभडक पट्टा होता आणि त्यावर फोडांची रांग, ओळीने, जणू ओवलेली. वहिनींनी पुन्हा चष्मा लावला, बघितलं आणि म्हणाल्या, “अभिनंदन.” उल्का म्हणाली की हे घर नॉर्मल नाही, आणि तिनेच फोटो काढला.

फोटो गटावर गेला. दुपारी काकूंनी अनघाला वेगळा निरोप पाठवला: कुप्या ठरल्यापेक्षा जास्त लागतील, पाहुणे वाढलेत. पाहुणे वाढलेले नव्हते. काकूंच्या आयुष्यातली ही सर्वांत स्पष्ट क्षमायाचना होती आणि अनघाला ती कळली.

संध्याकाळी अनघा परचुऱ्यांकडे आली. तिने कुपी काढली, त्यांचा उजवा दंड धरला आणि चांगलं ठसठशीत अत्तर लावलं.

“प्रबोधदादा, याचाही फोटो टाका उद्या,” ती म्हणाली. “तुलनेला.”

त्यांनी टाकला. काही उठलं नाही.

त्यानंतर गट पुन्हा चढायला लागला, पण नवीन कोणी झाडाकडे बोट दाखवलं की आता लोक फोन काढतात किंवा वाटेवरची पाटी वाचतात. परचुऱ्यांना कोणी विचारत नाही. त्या झाडापाशी मात्र सगळे थांबतात, आणि माहिती काकू देतात. हा रेंगास, हात लावायचा नाही, चीक काळा पडतो तीच खूण, मी तोरण ओवतानाच विचारलं होतं.

परचुरे मागे उभे असतात, दोन्ही बाह्या मनगटापर्यंत खाली. काकूंचं बोलून होईपर्यंत ते थांबतात.

“नेटिव्ह आहे मात्र,” ते म्हणतात. “शंभर टक्के.”