आईचा झाडू आणि सातो-सानची पाल

मंडळी, आज जाम वैतागलोय.

मी योकोहामात सरड्या-पालींवर संशोधन करतो. कोमोडोच्या अजस्र घोरपडीपासून बोटाएवढ्या पालीपर्यंत सगळे प्रकार लोकांना समजावतो. आणि पुण्याहून आलेल्या माझ्या आईने आज बाल्कनीतली पाल झाडूने हाणली! पाल पळाली, शेपूट तिथेच वळवळत राहिलं.

"अगं, ती विषारी नसते!"

"पाल ती पाल. मला शिकवू नकोस."

आरडाओरडा ऐकून शेजारच्या सातो-सान आल्या. वय ऐंशीच्या पुढे. शेपूट पाहून त्यांचा चेहराच उतरला. जपानीत पालीला 'यामोरी' म्हणतात, म्हणजे घर राखणारी. भूकंपात त्यांचं गावाकडचं घर गेलं. इथे आल्यावर खिडकीवर पाल दिसली, तेव्हा कुठे हे घर आपलं वाटलं, असं त्या म्हणाल्या.

मी आईला सगळं मराठीत सांगितलं. तिने झाडू कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाली, "हे आधी नाही का सांगायचंस?"

पालीला मारू नकोस, हेच तर आठवडाभर सांगतोय मी!

शेपूट पुन्हा फुटतं, हे दोघींनाही सांगितलं. पण सातो-सान एकच विचारत राहिल्या, पाल परत येईल का?

तुमचं घरी कुणी ऐकतं का हो?